गांधी जयंतीच्या सलग सुट्टीत एकटीने परदेशी: नाशिकहून निघताना तासांचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकमध्ये राहणाऱ्या आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्या २६ वर्षांच्या एका तरुणीला पहिल्यांदाच, तेही एकटीने, परदेशी जायचे आहे. २०२६ मध्ये २ ऑक्टोबरला शुक्रवार येत असल्यामुळे तिला सलग तीन दिवस सुट्टी आहे आणि त्याला जोडून फार तर दोन दिवसांची रजा मिळू शकते. हाताशी ५५ हजार रुपये आहेत, जेवण शाकाहारी आहे, आणि मैत्रिणींनी बँकॉक, फुकेत व सिंगापूर असा बेत सुचवला आहे. एवढ्या पैशांत आणि एवढ्या वेळात तो बसेल का, असे तिने विचारले आहे.

तीन ठिकाणे बसणार नाहीत. एक शहर आणि त्याच्या जवळचे एक गाव मात्र व्यवस्थित बसेल आणि ५५ हजारांत बसेल. गेली सोळा वर्षे नाशिकमध्ये बसून मी लोकांच्या परदेशवाऱ्या आखून देते आहे, स्वतःही बहुतेक प्रवास एकटीने केले आहेत, आणि सलग सुट्टीत फसलेले बेत जेव्हा माझ्याकडे दुरुस्तीला येतात तेव्हा त्यांतली चूक जवळजवळ नेहमी एकच असते: सुट्टी दिवसांत मोजलेली असते आणि ती मुंबईच्या विमानतळापासून मोजलेली असते. तुम्ही ती तासांत मोजा आणि घराच्या उंबऱ्यापासून मोजा.

हिशेब मांडून पाहू. नाशिकहून मुंबई विमानतळाचे टी-२, म्हणजे दुसरे टर्मिनल, साधारण १७० किलोमीटरवर आहे. रस्ता मोकळा असेल तर साडेतीन तास लागतात, पण आंतरराष्ट्रीय विमान गाठायचे असेल तेव्हा मी पाच तासांपेक्षा कमी कधीही धरत नाही. विमानतळावर तीन तास आधी पोहोचायचे, आग्नेय आशियातील बहुतेक शहरांसाठी थेट विमानात चार ते साडेपाच तास, आणि तिकडे उतरल्यावर पासपोर्टची रांग, बॅग आणि शहरात पोहोचणे यांसाठी आणखी दोन-अडीच तास. एका बाजूचे झाले पंधरा तास, दोन्ही बाजूंचे तीस. तीन दिवसांचे तास होतात बहात्तर. उरलेल्या बेचाळीस तासांतून तीन रात्रींची झोप वजा केली की हातात वीस तासही राहत नाहीत. त्यात बँकॉकहून फुकेत आणि फुकेतहून सिंगापूर अशी दोन उड्डाणे घातली, तर प्रत्येक उड्डाण कागदावर दीड-दोन तासांचे दिसले तरी सामान आवरणे, विमानतळ गाठणे आणि पुन्हा नव्या शहरात खोली शोधणे धरून अर्धा दिवस खाते. तुम्ही दोन देशांतले तीन विमानतळ पाहाल आणि पैसे मात्र तीन शहरांचे मोजाल.

म्हणून दोन दिवसांची रजा अशी वापरा: गुरुवार १ ऑक्टोबरला दुपारनंतर अर्धा दिवस, सोमवार ५ ऑक्टोबर पूर्ण, आणि मंगळवारी सकाळी अर्धा दिवस. गुरुवारी रात्रीच्या विमानाने निघायचे आणि सोमवारी परतायचे. शुक्रवारी निघून रविवारी परतणाऱ्यांची संख्या सर्वांत मोठी असते, त्यामुळे त्या दोन दिवसांची भाडी सर्वांत चढी असतात. परतीचा दिवस रविवारऐवजी सोमवार केला की तिकिटात जो फरक पडतो, तो पुष्कळदा एका रात्रीच्या मुक्कामाचा खर्च भरून काढतो. अमुक वारी रात्री तिकिटे स्वस्त होतात यावर मात्र विसंबू नका. भाव ठरतो तो विमानात किती जागा उरल्या आहेत यावर, आणि सलग सुट्टीच्या विमानात त्या लवकर संपतात. जुलैच्या अखेरीपर्यंत तिकीट हातात असावे.

नाशिककरांच्या बाजूने असलेली एक गोष्ट फारशी कोणी लक्षात घेत नाही. सलग सुट्टीत मुंबईकर आपल्याकडे येतात: इगतपुरीला, त्र्यंबकेश्वरला, शिर्डीला. गुरुवारी रात्री आणि शुक्रवारी सकाळी महामार्ग तुंबतो तो नाशिककडे येणाऱ्या बाजूला, आणि रविवारी संध्याकाळी तुंबतो तो मुंबईकडे जाणाऱ्या बाजूला. गुरुवारी दुपारी जाऊन सोमवारी रात्री किंवा मंगळवारी पहाटे परतणारी व्यक्ती दोन्ही वेळा गर्दीच्या उलट चालते. ५ जून २०२५ पासून समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा टप्पाही खुला झाल्यामुळे कसारा घाट टळतो. पण आमण्याच्या पुढे भिवंडी ते ठाणे हा पट्टा आहे आणि तिथे कंटेनरची रांग सुट्टी पाळत नाही, म्हणून माझे पाच तास मी कमी करत नाही. विमान रात्री अकराचे असेल तर घर दुपारी तीनच्या आत सोडायचे. त्यातही सिंहस्थाच्या कामांमुळे शहरातून बाहेर पडायलाच जास्त वेळ लागू शकतो, तो वेगळा धरा.

रेल्वेने जायचे असेल तर आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते, म्हणजे १ ऑक्टोबरसाठी २ ऑगस्टला. त्या दिवशी सकाळीच दुपारच्या गाडीचे तिकीट काढून ठेवा. बहुतेक जण दादरला उतरून टॅक्सी करतात. मी सीएसएमटीपर्यंत जाते, कारण तिथून मेट्रो ३ थेट टी-२ ला जाते. दादरलाही ही मेट्रो आहे, पण तिथे स्थानकाच्या पश्चिमेकडून बॅग घेऊन गर्दीतून चालावे लागते. मेट्रो रात्रभर चालत नाही, एवढे परतीच्या वेळी लक्षात असू द्या.

नाशिकच्या ओझर विमानतळावरून दिल्ली किंवा बंगळूरूमार्गे जाण्याचा पर्यायही पाहण्यासारखा आहे, मात्र एका अटीवर: दोन्ही उड्डाणे एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर असावीत. या अटीची किंमत मी मोजलेली आहे. बरीच वर्षे झाली, चार हजार रुपये वाचवण्यासाठी मी दोन वेगळ्या कंपन्यांची दोन वेगळी तिकिटे घेतली होती आणि मध्ये साडेतीन तासांचे अंतर ठेवले होते. पहिले विमान धुक्यामुळे तीन तास उशिरा निघाले. दुसऱ्या कंपनीच्या खिडकीवर मला शांतपणे सांगण्यात आले की तुमचे आधीचे विमान हा आमचा प्रश्न नाही, आणि त्यांचे म्हणणे नियमाला धरून होते. पूर्ण तिकीट बुडाले, नवीन तिकीट त्याच दिवशीच्या भावाने घ्यावे लागले आणि तीन दिवसांच्या सहलीतला पहिला दिवस खुर्चीवर बसून गेला. एका तिकिटावरची जोड चुकली तर पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीवर येते. वेगळ्या तिकिटांवर ती तुमच्यावर असते, आणि एकटीने प्रवास करताना त्या वेळी धीर द्यायलाही शेजारी कोणी नसते.

आता ठिकाण. माझा स्पष्ट सल्ला क्वालालंपूर आणि तिथून एका दिवसासाठी मलाक्का असा आहे. भारतीय पर्यटकांना मलेशियात ३० दिवसांपर्यंत व्हिसाची गरज नाही आणि ही सवलत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत जाहीर झालेली आहे. तिथे पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत 'एमडॅक' नावाचे डिजिटल आगमनपत्र भरायचे असते. ते विनामूल्य आहे. ते भरून देण्याचे पैसे मागणारी, सरकारी वाटावीत अशी संकेतस्थळे पुष्कळ आहेत, तिथे एक रुपयाही देऊ नका. तिकीट काढण्याच्या दिवशी आणि निघण्याच्या आठवड्यात मलेशियाच्या सरकारी संकेतस्थळावर नियम पुन्हा वाचा. सवलती जशा जाहीर होतात तशा बदलतातही.

बँकॉक वाईट नाही, पण तुम्हाला मोह समुद्राचा आहे आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला फुकेतच्या किनाऱ्यावर पावसाळा संपलेला नसतो. सिंगापूर एकटीसाठी अत्यंत सोयीचे आहे, मात्र मुक्कामाचा खर्च तुमचे गणित मोडेल. व्हिएतनामला ई-व्हिसा लागतो, एकदा प्रवेशाचे शुल्क २५ डॉलर आहे, आणि मध्य व्हिएतनाममध्ये ऑक्टोबर हा जोरदार पावसाचा महिना असतो.

आपली सुट्टी पाहताना समोरच्यांचीही पाहावी लागते. मलेशियात त्या दिवसांत मोठा सण नाही. पण १ ऑक्टोबरपासून चीनमध्ये राष्ट्रीय दिनाची आठवडाभराची सुट्टी असते, आणि चिनी पर्यटकांनाही मलेशियाला व्हिसा लागत नाही. त्यामुळे क्वालालंपूरमधली स्वस्त आणि चांगली वसतिगृहे आधी भरतात. रद्द केल्यास पैसे परत मिळतील अशी खोली आजच राखून ठेवा आणि तिकीट नंतर घ्या. सलग सुट्टीत हा क्रम मी मुद्दाम उलटा ठेवते. फक्त महिलांसाठी असलेल्या सामायिक खोलीतली खाट साधारण ४० ते ६० रिंगिटपर्यंत (रिंगिट हे मलेशियाचे चलन) मिळते. परदेशी पाहुण्यांकडून दर खोलीमागे दर रात्री १० रिंगिट पर्यटन कर घेतला जातो आणि तो ऑनलाइन भरलेल्या रकमेत बहुधा नसतो. काउंटरवर तो मागितला की फसवणूक होते आहे असे समजू नका.

तिकिटावरचे नाव हा विषय इतर कोणी इतक्या तपशिलाने सांगणार नाही, म्हणून इथे थोडी थांबते. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी तीन नावे लिहिण्याची रीत आहे. पासपोर्टवर मात्र दोनच रकाने असतात, आडनाव आणि दिलेले नाव, आणि पुष्कळ जणांच्या दिलेल्या नावाच्या रकान्यात स्वतःचे आणि वडिलांचे अशी दोन्ही नावे असतात. काहींच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना चक्क रिकामा असतो आणि तिन्ही नावे एकाच ओळीत छापलेली असतात. तिकीट काढताना आधार कार्डाकडे न बघता पासपोर्ट उघडा समोर ठेवा आणि ज्या रकान्यात जे आहे तेच, त्याच स्पेलिंगने, भरा. एक अक्षर चुकले तर दुरुस्तीचे पैसे पडतात. पूर्ण नाव वेगळे असेल तर काउंटरवरून परत यावे लागते. हाच पासपोर्ट उघडला आहे तर मुदतही पाहा. मलेशियात पोहोचण्याच्या दिवसापासून ती किमान सहा महिने असावी. शेवटच्या पानावर ईसीआरचा, म्हणजे काही देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारी परवानगी लागते असे सांगणारा, शिक्का असेल, तर मलेशिया त्या देशांच्या यादीत असल्यामुळे मुंबईला इमिग्रेशनवर जास्त प्रश्न विचारले जाऊ शकतात. दहावी उत्तीर्ण व्यक्तीला तो शिक्का नसलेला पासपोर्ट मिळतो. पासपोर्टची मुदत भरत आली असेल तर नाशिकच्या पासपोर्ट सेवा केंद्रात आत्ताच वेळ घ्या. ३६ पानी पुस्तिकेचे साधे शुल्क १,५०० रुपये आहे, आणि तत्काळसाठी वरती २,००० रुपये मोजण्याची वेळ येऊ देऊ नका.

पहिल्यांदा एकट्याने जाणाऱ्या तरुण प्रवाशाला इमिग्रेशन अधिकारी दोन-चार प्रश्न विचारतोच: कुठे जाता, किती दिवस, कुठे राहणार, काय काम करता. परतीचे तिकीट, मुक्कामाची पावती, रजा मंजूर झाल्याचा ई-मेल आणि कंपनीचे ओळखपत्र हे चार कागद छापून एका पारदर्शक फोल्डरमध्ये ठेवा. मोबाइलमध्ये शोधत बसल्याने माणूस घाबरल्यासारखा दिसतो.

पैशांचा माझा ठोकताळा असा आहे की एकूण रकमेच्या निम्म्याहून थोडे अधिक, म्हणजे ३० हजारांपर्यंत तिकीट मिळाले तर जावे, आणि त्याहून वर गेले तर मुक्काम किंवा जेवण कापण्यापेक्षा तारखा बदलाव्यात. एकटीच्या प्रवासात खोली आणि टॅक्सी वाटून घ्यायला कोणी नसते, म्हणून बचत करायची ती या दोन ठिकाणीच. क्वालालंपूरचा विमानतळ शहरापासून ५० किलोमीटरहून अधिक दूर आहे. वेगवान रेल्वेचे ५५ रिंगिट पडतात आणि ती अर्ध्या तासात केएल सेंट्रल या शहरातल्या मुख्य रेल्वे स्थानकावर पोहोचवते, तर बस साधारण १५ रिंगिटमध्ये तासाभरात त्याच ठिकाणी आणते. शुक्रवारी सकाळी सात-आठला उतरल्यावर तुम्हाला कोणतीही घाई नसेल, तेव्हा बस घ्या. खोली दुपारीच मिळते, पण बॅग ठेवून घेतात.

परदेशात वापरासाठी कार्ड बँकेच्या ॲपमधून आधी सुरू करावे लागते, कारण मुळात ते बंद असते. ही गोष्ट निघण्याच्या आठवडाभर आधी करा आणि ओटीपीसाठी भारतीय सिमवर रोमिंग चालू ठेवा. दुकानात कार्ड लावले की यंत्राच्या पडद्यावर दोन आकडे येतात, एक रिंगिटमध्ये आणि एक रुपयांत, आणि रुपयांचा आकडा ओळखीचा असल्याने बोट आपोआप तिकडे जाते. तिथे नेहमी रिंगिट निवडा. रुपये निवडले की विनिमयाचा दर तुमच्या बँकेऐवजी तो समोरचा यंत्रवाला ठरवतो आणि तो जवळजवळ नेहमीच महाग असतो. एटीएमवरही हाच प्रश्न येतो आणि उत्तरही हेच. पन्नास-शंभर रिंगिटच्या नोटा नाशिकहूनच अधिकृत परकीय चलन विक्रेत्याकडून घेऊन ठेवा, म्हणजे पहिल्या बसचे आणि पर्यटन कराचे पैसे हातात राहतील. तिथले प्लग जाड चौकोनी तीन पिनांचे असतात. ॲडॅप्टर मेनरोडवर कुठेही मिळतो, विमानतळावर तोच कितीतरी महाग पडतो.

दिवसांचा क्रम सांगते, कारण वार चुकला तर दारे बंद सापडतात. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी मशिदी पर्यटकांसाठी बंद असतात, म्हणून मस्जिद जामेक आणि मर्डेका चौकाचा परिसर शनिवारी पाहा. पेट्रोनासच्या ४५२ मीटर उंच जुळ्या मनोऱ्यांवर चढणे सोमवारी बंद असते. ते तिकीट शनिवारचे काढा. बाटू केव्हज या गुहांतल्या मंदिराला केएल सेंट्रलहून उपनगरी रेल्वे थेट जाते आणि भाडे अगदी थोडे आहे. तिथे सकाळी आठच्या आत पोहोचा. मुरुगन स्वामींच्या सोनेरी मूर्तीच्या शेजारून रंगवलेल्या २७२ पायऱ्या वर जातात, त्या सकाळच्या गारव्यात चढायच्या असतात, आणि हातात पिशवी किंवा केळी दिसली की माकडे झडप घालतात, म्हणून सगळे पाठीवरच्या बॅगेत बंद ठेवा. गुडघे झाकणारे कपडे घाला. सप्तशृंगगडाच्या पायऱ्या चढलेल्या माणसाला ही चढण जड वाटत नाही. पाया पडून खाली आल्यावर इडली-वडा आणि फिल्टर कॉफी मिळते. शाकाहारी जेवणाची चिंता या शहरात करायलाच नको. ब्रिकफील्ड्स या भारतीय वस्तीच्या भागात केळीच्या पानावर भात, रसम आणि भाज्या वाढतात, साधारण १२ ते १८ रिंगिटमध्ये पोट भरते. फक्त बाहेरच्या चिनी वा मलय ठेल्यावर 'भाजीचे' म्हणून दिलेल्या पदार्थातही कोळंबीची चटणी असू शकते, ते स्पष्ट विचारून घ्या.

रविवार मलाक्कासाठी ठेवा. टीबीएस या बसस्थानकाहून दोन तासांची बस आहे, साधारण १५ रिंगिटच्या आत, आणि सुट्टीमुळे दोन्ही बाजूंचे तिकीट आधी काढलेले बरे. २००८ पासून जागतिक वारसा असलेले हे बंदर पायी हिंडून होते. पोर्तुगीज, डच आणि इंग्रज अशा तीन सत्तांच्या खुणा एका टेकडीच्या भोवती सापडतात. जोंकर रस्त्याचा रात्रबाजार शुक्रवार ते रविवार संध्याकाळी भरतो. तो पाहून शेवटची बस चुकवू नका, सातच्या सुमाराची घ्या.

सुरक्षिततेबद्दल घरच्यांना काळजी आहे आणि ती रास्त आहे. क्वालालंपूरमध्ये खरा धोका मोटारसायकलवरून पर्स किंवा मोबाइल हिसकावण्याचा आहे. पदपथावर चालताना बॅग रस्त्याच्या विरुद्ध खांद्यावर घ्या आणि नकाशा पाहायचा असेल तर दुकानाच्या आत उभ्या राहून पाहा. रात्री ॲपवरूनच गाडी मागवा. प्रवास विमा काहीशे रुपयांत मिळतो, तो घ्याच. पासपोर्टची छायाप्रत बॅगेत वेगळ्या कप्प्यात ठेवा आणि एक फोटो आईच्या मोबाइलवर पाठवून ठेवा. पासपोर्ट हरवला तर क्वालालंपूरमधल्या भारतीय उच्चायुक्तालयात तोच कामाला येतो. रोज रात्री ठरलेल्या वेळी घरी एक फोन करा, पण वेळ ठरवताना तिथले घड्याळ अडीच तास पुढे आहे हे आईला आधी सांगा, नाहीतर तिचा दहाचा फोन तुम्हाला साडेबाराला उठवेल. आणि २ ऑक्टोबरच्या त्या आठवड्यात पितृपक्ष आहे. घरातील श्राद्धाची तिथी नेमकी त्या चार दिवसांत येत असेल, तर तिकीट काढण्याआधी मोठ्यांशी बोलून घ्या. ऐन वेळी हा विषय निघून तिकिटे रद्द झालेली मी पाहिली आहेत.

सोमवारचे परतीचे विमान संध्याकाळचे असेल तर वेळेच्या फरकामुळे तुम्ही त्याच रात्री मुंबईत उतराल. मध्यरात्री एकटीने टॅक्सी करून घाट चढण्याचा आग्रह मी कोणालाच करत नाही. अंधेरी-पार्ल्याकडे नातेवाईक असतील तर तिथे चार तास झोपा, नसतील तर विमानतळातच प्रतीक्षेच्या जागी बसून पहाट होऊ द्या, आणि सकाळी सव्वासहाच्या सुमारास सीएसएमटीहून सुटणारी तपोवन दादरला किंवा ठाण्याला पकडा. ती सकाळीच नाशिकरोडला आणते, आणि मंगळवारच्या अर्ध्या रजेत घरी जाऊन, आंघोळ करून दुपारच्या पाळीला पोहोचता येते. तपोवनचे ६ ऑक्टोबरचे आरक्षण ७ ऑगस्टला उघडेल, ती तारीखही आत्ताच लिहून ठेवा.